पाखाडी मोकळी करायचीय, हात हवेत आणि थोडे पैसेपण

नमस्कार मंडळी, गावातले आणि मुंबईकर चाकरमानी सगळेच,

वरच्या वाडीला जाणाऱ्या जुन्या पाखाडीच्या, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेच्या, दोन्ही अंगाचं सहा एकर रान अखेर आपलं झालं. मंडळाच्या अकरा शेतकरी सभासदांच्या नावावर सातबारा झालाय आणि हे रान कधीच तोडीला द्यायचं नाही असं आपापसात लिहूनपण घेतलंय. संगमेश्वर तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रान अगदी थोडं, बाकी सगळं खाजगी, मालकाला पैशाची नड आली की ठेकेदार येतो आणि आठ-दहा वर्षात वाढलेलं सगळं आठ-दहा दिवसात ट्रकमध्ये जातं. या रानाच्या मालकांनी ठेकेदाराच्या आधी आपल्याला विचारलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच.

आता पुढचं काम. रस्ता झाल्यापासून पाखाडीवरून कोणी जात नाही. परवा आम्ही चौघं कोयते घेऊन शिरलो तर पहिल्या वळणापुढे पाय टाकायला जागा नाही, सगळी रानमोडी, ते माजलेलं तण, डोक्याच्या वर गेलेली. ती बाजूला केली तर खाली चिरे तसेच आहेत हो, मधोमध झिजून वाटीसारखे झालेत, डोक्यावर भारे घेऊन आपल्या आज्या-पणज्या इथूनच उतरायच्या. काही चिरे पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्याने सरकलेत, ते परत बसवायचे आहेत.

रानमोडी नुसती कापून भागत नाही, बुडातून परत फुटते. पावसानंतर जमीन ओली आहे तोवर मुळासकट उपटली तरच जाते, आणि डिसेंबरात तिला फुलं आली की मग म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सगळीकडे जातं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शिवाय वाळली की वणव्याला आयतं जळण. म्हणून घाई आहे, नवरात्र ते दिवाळी एवढाच काय तो वेळ. मोकळ्या झालेल्या जागेत याच रानातल्या बियांची रोपं लावणार, ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ. त्यांची सावली धरली की रानमोडी आपोआप मागे हटते. बाहेरची शोभेची झाडं कृपया कोणी आणू नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची. पऱ्याच्या वरच्या अंगाला जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, घरटं करतो. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते आणि नर बाहेरून उंबराची फळं आणून भरवतो. नराला कोणी हुसकावलं तर आत मादी आणि पिल्लं उपाशी राहणार. म्हणून चालायची वाट तिथून लांबून वळवलीय आणि फेब्रुवारी ते मे तो वरचा भाग बंद ठेवायचा ठरलंय, फोटोवाल्यांनापण. यावर काहीजण नाराज आहेत, पण माझं मत स्पष्ट आहे, पक्षी राहिला तरच वाटेला अर्थ.

पैसे कशाला, तर जमवलेलं सगळं खरेदीखत आणि स्टॅम्प ड्युटीत संपलं. पऱ्यावर लोखंडी साकव, छोटा पूल, घालायचाय, म्हाताऱ्या माणसांना धरायला कठडा पाहिजे, चिरे लागतील, आणि गमबूट तर हवेतच, फुरशासारख्या विषारी सापाच्या रानात चपलेवर कोणाला कामाला लावणार नाही. जानेवारीत वणवा अडवायची जाळरेषा काढायला मजुरी द्यावी लागेल. रोख देणाऱ्यांनी ग्रामपंचायतीत पावती फाडून घ्या, गुगल पेचा कोड तिथेच भिंतीवर लावलाय. पन्नास रुपयेपण चालतील, पावती पन्नासचीपण मिळेल. हिशोब दर महिन्याला देवळात लावू.

ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी घटस्थापनेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला देवळाजवळ या. कोयता, पहार, घमेलं जे घरात असेल ते घेऊन या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. भाकरी, पिठलं आणि चहा मंडळाकडून. आणि वरच्या वाडीतल्या जुन्या माणसांना हाताला धरून आणाच, पाखाडी नक्की कुठून वळायची ते त्यांनाच ठाऊक आहे.