खिळा, तार आणि विहिरीवरचा स्टार्टर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पिशवीत धपाट्यांच्या डब्याखाली तुझ्या विद्युतचुंबकाच्या प्रयोगासाठी चार इंची खिळा आणि मोटार वायंडिंगची 28 नंबरची तार ठेवली आहे. खिळा चुलीत लालबुंद करून रात्रभर राखेत गार केलेला आहे. दुकानातला खिळा जरा कडक असतो, तारेतली विजेची धारा बंद केली तरी त्यात चुंबकत्व उरतं आणि टाचण्या लोंबकळत राहतात. सावकाश गार झालेलं लोखंड मऊ पडतं, चुंबकत्व लवकर सोडतं. (जस्ताचा मुलामा असलेला खिळा मात्र चुलीत घालायचा नसतो, त्याचा धूर वाईट.)

खिळ्याला कागदाचा एक पदर लाव आणि 100 वेढे अगदी चिकटून दे. एक थर भरला की तार मागं आण, पण गुंडाळायची दिशा तीच ठेव. दिशा उलटली तर वरचा थर खालच्याचं काम खोडून टाकतो. टोकं वीत-वीत मोकळी सोड. पोरांचा प्रयोग बहुतेक इथंच फसतो: तार उघड्या तांब्यासारखी दिसते, पण तिच्यावर वार्निश असतं. पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं 2 सेंमी, चहूबाजूंनी चकाकेपर्यंत घास.

सेल 1.5 व्होल्टचा घे. एवढ्या तारेचा रोध अर्धा ओहमही भरत नाही, म्हणजे सेलच्या दृष्टीनं हा जवळजवळ शॉर्टच. 5 सेकंद जोड, टाचण्या मोज, सोड. धरून ठेवलंस तर तार तापते, सेल बसतो आणि दुसऱ्या वेळी टाचण्या कमी उचलल्या की तू वेढ्यांना दोष देशील.

वेढे वाढवले की चुंबक जोरदार होतो, हे खरं, पण धारा तेवढीच राहिली तर. 200 वेढे केलेस की तारही दुप्पट, रोधही दुप्पट, धारा उतरते. टाचण्या वाढतील, दुप्पट होणार नाहीत. परीक्षेत "धारा स्थिर असताना" हे शब्द लिहायला विसरू नको.

ध्रुव ओळखताना उजव्या हाताची बोटं धारेच्या दिशेनं वळव, अंगठ्याकडचं टोक उत्तर. होकायंत्र वीतभर लांबच ठेव, फार जवळ नेलं तर त्याची सुईच उलटी चुंबकित होते.

हेच शेतातल्या आखाड्यावर, विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये आहे. हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल, म्हणजे असंच तारेचं वेटोळं, लोखंडी पट्टी ओढून धरते. लाईट गेली की कॉइल सोडते, मोटार बंद. लाईट परत आली तरी आपोआप सुरू होत नाही, म्हणून तर लोक ऑटो स्विच बसवतात. व्होल्टेज पडलं की कॉइलची पकड ढिली होते आणि स्टार्टर खडखडतो. पुरेशा व्होल्टेजलाही घूं-घूं आवाज आला, तर पट्टीच्या तोंडाशी धूळ किंवा मुंग्या बसल्यात असं समज, नाहीतर तिथलं तांब्याचं कडं तुटलंय. आपली धारा 50 हर्ट्झची, सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते. त्या क्षणी पट्टी सुटू नये म्हणून ते कडं बसवलेलं असतं.

जळालेली जुनी कॉइल फळीवर आहे. दिवाळीला आलीस की उकलून वेढे मोज.

तुझे,
बाबा