मजकुराचा फोटो पाठवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांच्या हक्कांविषयी छापून येते ते बहुतेक रॅम्प, लिफ्ट आणि आरक्षण यांबद्दल. ते यायलाच हवे. पण माणूस रोज अडतो तो संवादापाशी. पाणी बंद राहणार असल्याची सूचना, शाळेचे वेळापत्रक, बँकेचा संदेश, तपासणीची तारीख अशा साध्यासुध्या गोष्टी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. यातला बराचसा अडथळा पैशांअभावी आलेला नाही. मुळात धड असलेला मजकूर पाठवता पाठवता आपणच बिघडवतो, म्हणून तो उभा राहतो.

सूचना कशी निघते ते पाहा. कुणीतरी ती संगणकावर टाइप करते, छापते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मग मोबाइलवर फोटो काढून तो गटावर टाकला जातो. सुरुवातीला अक्षरे होती, शेवटी चित्र उरले. दृष्टिहीन माणसाच्या फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, संगणकावरचा एनव्हीडीए, हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर) अक्षरे वाचतात. चित्रातली अक्षरे त्यांना सहसा सरळ वाचता येत नाहीत, म्हणून ते बहुधा ‘फोटो’ एवढेच म्हणून पुढे जातात. ‘फोटोतला मजकूर ओळखणारी ॲप आहेत की,’ असे उत्तर मिळते. आहेत. पण कागद तिरका असला, त्यावर हाताची सावली पडली, शिक्का नेमका तारखेवर उमटला की ती चुकतात. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, १ आणि ९ यांची गल्लत होते. शब्द चुकला तर संदर्भाने सावरता येतो. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तर ऐकणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्गच नसतो.

उपाय फुकट आहे. सही-शिक्क्याची प्रत हवी तर जरूर जोडा, पण त्याच संदेशात मजकूर टाइप करा किंवा मूळ फाइलमधून उचलून चिकटवा: काय, कधी, कुठे, कुणाशी संपर्क. तारीख ‘३/४’ अशी न लिहिता ‘३ एप्रिल, शुक्रवार’ अशी लिहा. शीर्षक उठून दिसावे म्हणून ‘सू च ना’ असे अक्षर सुटे करू नका. स्क्रीन रीडर तीन वेगळी अक्षरे वाचतो. ओळीच्या दोन्ही टोकांना दहा-दहा फुले किंवा जोडलेले हातही नकोत, कारण त्या प्रत्येकाचे नाव वाचून दाखवले जाते. अशा टाइप केलेल्या मजकुराचा फायदा केवळ दृष्टिहीनांना होतो असे नाही. अल्पदृष्टी असलेल्याला तो हवा तेवढा मोठा करता येतो, ज्याला वाचन जड जाते तो फोनकडून ऐकू शकतो आणि फोन नंबर कुणालाही दाबून लावता येतो.

फोटो खरोखरच फोटो असेल तर त्याला वर्णन द्या. वर्डमध्ये चित्रावर उजवी क्लिक केली की ‘ऑल्ट टेक्स्ट’चा पर्याय येतो, समाजमाध्यमांवरही बहुतेक ठिकाणी तशी सोय असते. ‘कार्यक्रमाचे छायाचित्र’ हे वर्णन नव्हे. चित्र ज्या कारणासाठी टाकले आहे ते एक-दोन वाक्यांत सांगा. तक्ता किंवा आलेख असेल तर त्यातले आकडे खाली मजकुरात द्या. निव्वळ सजावटीच्या नक्षीला वर्णन नको. तिला ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करा, म्हणजे स्क्रीन रीडर ती सोडून देतो.

पीडीएफबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे भलेभले फसतात. स्कॅन केलेला पीडीएफ म्हणजे फोटोच, हे एव्हाना अनेकांना ठाऊक आहे. पण संगणकावरच टाइप केलेला मराठी पीडीएफही कानाला कचरा ऐकवू शकतो. याची दोन कारणे. पहिले, जुने फाँट. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी सुरेख या पिढीच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात) देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा आहे, तरी कार्यालयांतले जुने नमुने अजून त्याच फाँटमध्ये फिरतात. दुसरे कारण जास्त फसवे आहे. युनिकोड वापरूनही पीडीएफ बनताना जोडाक्षरे आणि मात्रा यांचे निव्वळ आकार साठवले जातात, कुठला आकार कुठल्या अक्षरांचा याची नोंद अर्धवट राहते. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनाच्या नंतर आणि कागदावर आधी येतो, त्यामुळे तो हमखास भलत्या जागी जातो.

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. काही निवडलेच जात नसेल तर ते चित्र आहे. रोमन अक्षरे आली तर फाँट जुना आहे. ‘विद्यार्थी’चे ‘वदयाथ’ असे काही झाले असेल तर आकारांची नोंद बिघडली आहे. स्वच्छ मराठी आली तरच पुढे पाठवा. बिघडलेला पीडीएफ दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ वर्ड फाइल सोबत द्यावी किंवा तोच मजकूर संकेतस्थळावर साध्या पानाच्या रूपात टाकावा, असे आमचे मत आहे.

वर्डमध्ये शीर्षक म्हणजे ठळक आणि मोठे केलेले अक्षर, असा समज आहे. तसे शीर्षक फक्त डोळ्यांना दिसते. ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली वापरल्या (कंट्रोल, ऑल्ट आणि १ किंवा २ ही कळ), तर स्क्रीन रीडर वापरणारा एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. नाहीतर चाळीस पानांचे परिपत्रक त्याला पहिल्या ओळीपासून ऐकावे लागते. तक्ता स्पेस आणि टॅब मारून आखू नका, ‘इन्सर्ट टेबल’ने बनवा, पहिली ओळ शीर्षओळ म्हणून ठरवा, आणि चौकटी एकमेकींत मिसळू नका. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा. ती इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडरचे काही आवाज देवनागरी गाळून टाकतात, हिंदी राहिली तर उच्चार बिघडतात. शेवटी पीडीएफ बनवताना ‘प्रिंट’चा रस्ता टाळून ‘सेव्ह ॲज’ घ्या आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’वर खूण आहे ना ते पाहा. प्रिंट करून बनवलेल्या पीडीएफमध्ये ही सगळी रचना गळून पडते.

रंगांबाबत थोडक्यात. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १, मोठ्या मजकुराला ३ : १ इतका रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) सांगितला आहे. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर किंवा पिवळी अक्षरे फोटोवर, ही आपली आवडती सजावट यात नापास होते. देवनागरीत वेलांटी वर आणि उकार खाली जात असल्याने ओळींत दीडपट अंतर ठेवले तर वाचन सोपे होते. ‘लाल रंगातील नावांनी संपर्क साधावा’ असे लिहिण्याऐवजी त्या नावांपुढे चांदणी काढा.

आता कर्णबधिरांकडे वळू. कानाला यंत्र आहे म्हणजे सगळे ऐकू येते, आणि ओठ पाहून सगळे कळते, हे दोन गैरसमज फार नुकसान करतात. ओठांवर ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ एकसारखे दिसतात. ‘क’, ‘ख’, ‘ग’ तर घशाजवळ होतात, ते दिसतच नाहीत. ओठ वाचणारा बाकीचे संदर्भावरून जुळवत असतो. म्हणून बोलणाऱ्याने समोर उजेडात उभे राहावे, पाठीशी खिडकी नसावी, तोंडासमोर माईक किंवा हात नसावा. ओरडू नये, ओरडताना ओठांचे आकार बिघडतात आणि यंत्रातून फक्त कर्कश आवाज जातो. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. नाव, रक्कम, वेळ ही नेहमी लिहून द्यावी.

व्हिडिओला उपशीर्षके (सबटायटल्स) द्यायची तर यंत्राने आपोआप केलेल्यांवर विसंबू नका. ती नेमकी नावे, आकडे आणि ‘नाही’ या शब्दाशी चुकतात, आणि ‘नाही’ गळला की सूचनेचा अर्थ उलटतो. एसआरटी नावाची साधी मजकूर-फाइल असते: अनुक्रमांक, सुरू आणि संपण्याची वेळ, त्याखाली मजकूर. एका वेळी दोनच ओळी, आणि त्या वाचून होतील इतका वेळ पडद्यावर. कोण बोलतो आहे ते लिहावे. टाळ्या, भोंगा, दारावरची थाप असे अर्थपूर्ण आवाजही लिहावेत.

उपशीर्षके दिली म्हणजे सांकेतिक भाषेची गरज संपत नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती हातांनी केलेली मराठी नव्हे. जन्मापासून न ऐकणाऱ्या अनेकांना लिहिलेली मराठी दुसरी भाषा म्हणूनच शिकावी लागते. दुभाषा पडद्याच्या कोपऱ्यात टिकलीएवढा दाखवला तर बोटे दिसत नाहीत आणि चेहराही दिसत नाही. व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो. पडद्याचा निदान सहावा भाग त्याला द्यावा, कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगापासून वेगळे असावेत. लांब कार्यक्रमाला दोन दुभाषे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनंतर अचूकपणा घसरतो. भाषणाची प्रत, त्यातली नावे आणि तांत्रिक शब्द त्यांना आदल्या दिवशी मिळायला हवेत, हे आयोजक हमखास विसरतात. आणि बोलताना कर्णबधिर व्यक्तीकडे पाहून बोला, दुभाष्याकडे पाहून ‘यांना सांगा’ असे म्हणू नका.

तोतरेपणा, सेरेब्रल पाल्सी, पक्षाघातानंतर गेलेली वाचा अशा व्यक्तींना सगळ्यात जास्त हवा असतो वेळ, आणि तोच कुणी देत नाही. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. कळले नसेल तर कळल्याचे सोंग न करता तसे सांगावे, मग ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. कार्यालयाच्या खिडकीवर चित्रे, अक्षरे आणि आकडे असलेला एक संवाद-तक्ता ठेवला तर बोट ठेवून काम होते. हेल्पलाइन फक्त फोनवर असेल तर हे लोक आणि कर्णबधिर, दोघेही बाहेर राहतात. एसएमएस किंवा ईमेलचा पर्याय त्याच ठिकाणी छापलेला हवा.

ज्यांना बौद्धिक अक्षमता आहे त्यांच्यासाठी भाषा सोपी करणे म्हणजे बाळबोध करणे नव्हे. ‘इच्छुक अर्जदारांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करावेत’ या वाक्यात नमुना कुठे मिळतो, कागद कोणते, मुदत कधीची, यातले काहीच नाही. ‘अर्ज खिडकी २ वर मिळेल. सोबत आधार कार्ड आणि एक फोटो जोडा. १५ जूनला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत द्या.’ हे कुणालाही कळते, आणि खरे सांगायचे तर पहिले वाक्य अक्षम नसलेल्यांनाही कळत नाही.

ॲप बनवणाऱ्यांनी निदान तीन गोष्टी पाहाव्यात. चित्राच्या बटनांना नाव द्या, नाहीतर स्क्रीन रीडर ‘बटन, बटन, बटन’ एवढेच म्हणतो. चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा असेल तर दुसरा मार्ग ठेवा. आणि वेळेची मर्यादा वाढवता येऊ द्या: वर सांगितलेले वेबचे निकष सांगतात की वेळ संपण्याआधी सूचना मिळावी आणि ती वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत. ओटीपी ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत जाऊन चौकट शोधायची, एवढ्यात मुदत संपते.

यातले काहीही कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संवाद’ या संज्ञेत ब्रेल, मोठी अक्षरे, सांकेतिक भाषा आणि सोपी भाषा हे सारे येते. कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहणे सरकारचे काम आहे. या अधिनियमाखालील नियमांतला सुगम्यतेविषयीचा नियम १५(१) केवळ शिफारशींवर भागवत होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके आखायला सांगितली. डिजिटल केवायसीत (ऑनलाइन ओळख-पडताळणीत) डोळे मिचकावण्याची सक्ती ॲसिड हल्ल्यातील पीडितांना आणि दृष्टिहीनांना पार पाडता येत नाही, या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

शेवटी एक मागणी मराठी वर्तमानपत्रांकडे, म्हणजे आपल्याकडेही. अनेक ई-पेपरांत बातमीवर बोट ठेवले की तिचे चित्र उघडते. तिथे मजकूरही उघडावा. जाहीर नोटिसा, भरतीच्या आणि प्रवेशाच्या जाहिराती संकेतस्थळावर चित्र म्हणूनच पडतात, आणि त्यांतल्या मुदती सर्वांना सारख्याच लागू असतात. जाहिरात विभागाने मांडणीसोबत युनिकोड मजकूरही मागून घ्यावा आणि जाहिरातीखाली तो प्रसिद्ध करावा. जुन्या फाँटमधून रूपांतर केलेला असेल तर रफार, ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ आणि आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत. रूपांतरात चुका बहुधा तिथेच राहतात.

आपले,
सुगम मजकुराचे काम करणारे काही वाचक