मॅडम, तक्त्यातल्या त्या खोडलेल्या नावाबद्दल

आदरणीय मॅडम,

समोर बोलायला गेलो की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

गेल्या वर्षी माझ्या हजेरीपत्रकात एका आठवड्याचे ६१ तास भरले होते. खरं सांगतो, त्या आकड्याचा मला अभिमानच होता. आधीच्या नोकरीत असा आकडा दिसला की पाठ थोपटली जायची. तुम्ही मात्र त्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलंत आणि विचारलंत, "काम जास्त आहे, की माणसं कमी आहेत?" मी गप्प. तो प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

मग तुम्ही जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ सालचा अभ्यास सांगितलात. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. "मला काही होत नाही," मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "बीपी शेवटचं कधी तपासलंत?" आठवेना. त्याच दुपारी डॉक्टरांकडे पाठवलंत. बीपी वाढलेलं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते पुढच्या सोमवारचं. रात्रपाळीच्या तक्त्यात माझं नाव खोडलेलं होतं आणि तिथे कुणा सहकाऱ्याचं नव्हे, तुमचं नाव होतं. नवा माणूस रुजू होईपर्यंत, तब्बल दीड महिना. "जरा विश्रांती घ्या" म्हणणारे वरिष्ठ मला पूर्वीही भेटले होते, पण काम तसंच टेबलावर राहायचं. ताणमुक्तीच्या शिबिरालाही एकदा बसवलं होतं, तेही सुट्टीच्या दिवशी!

त्या दीड महिन्यात पगार कापला गेला नाही, की वार्षिक मूल्यमापनात त्याचा उल्लेख आला नाही. मी तो कागद दोनदा उलटून पाहिला होता. माफ करा, जुनी सवय.

आता माझी रात्रपाळी पुन्हा सुरू झाली आहे, आठवड्यातून एकदाच. काल तक्त्यात तुमच्या नावापुढे सलग तीन रात्री दिसल्या. मॅडम, पेन्सिल माझ्याकडेही आहे.

आपला,
तुमच्या विभागातला एक