आईचं बोलणं वहीत लिहून घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तळ्यातल्या कोळंबीचा माल निघाला, व्यापाऱ्याचे पैसेही आले, पण तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. फोनवर बोलायला गेलो की घसा दाटून येतो, म्हणून लिहितोय.

तुमच्याआधी आमच्या तळ्यावर बरेच जण येऊन गेले. बांधावर गाडी लावायची, लांबूनच पाण्याचा रंग बघायचा, 'व्हायरस असणार' म्हणायचं आणि औषधाच्या बाटल्या उतरवायच्या. पाण्यात हात घालणारा एकही नव्हता. रोज सकाळी कडेला मऊ, मेलेली कोळंबी मिळत होती आणि दुकानदाराच्या वहीत आमची उधारी चढत होती. आई काही सांगायला पुढे झाली, तर त्यातला एक म्हणाला, 'मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा.' फीड, म्हणजे कोळंबीचं खाद्य, रोज आईच टाकते. खाद्य किती उरलं ते बघायचा चेक ट्रेही तीच उचलते. ते शब्द अजून जिव्हारी लागतात.

तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न तिलाच केलात, 'काकू, हल्ली काय वेगळं दिसतंय?' आई म्हणाली, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कोळंबी कात टाकते, ती कात आधी लवकर विरायची. आता तळ्याच्या मध्यावर काळी पडून साचते. तुम्ही ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलंत, मग तिला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, 'बरोबर लिहिलंय ना?' आईने पदराने हात पुसले आणि नुसती मान हलवली. तिचं बोलणं कुणी कागदावर उतरवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरलात आणि मधला गाळ ओंजळीत घेऊन आलात. त्यातली एक कात काचेसारखी पारदर्शक होती, हाताला कडक लागत होती. तिच्याखालची काळी, बुळबुळीत, ओढली की तुटणारी. सडक्या अंड्यासारखा वास बांधापर्यंत आला. काठावर बसून तुम्ही आम्हाला समजावलंत, की कातीत चुना असतो, प्रथिनं असतात आणि कायटिन असतं. प्रथिनं जिवाणू आधी खातात, चिवट कायटिन मागे उरतं. ते तोडणारे जिवाणूही पाण्यात असतातच, पण तळाशी ऑक्सिजन असला तरच ते काम झपाट्याने होतं. पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे एरेटरच्या, प्रवाहाने कात, विष्ठा आणि उरलेलं फीड मध्यावर गोळा होतं, तिथला ऑक्सिजन संपतो आणि खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटपासून तो सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार होतो. शिवाय व्हिब्रिओसारखे रोग आणणारे जिवाणू याच कातीला चिकटून पोसले जातात. कात टाकलेली कोळंबी मऊ आणि अशक्त, ती तळाशीच दबून राहते, म्हणजे नेमकी त्या विषाच्या शेजारी. हे ऐकताना आई मध्येच म्हणाली, 'म्हणूनच मधली मरतात!' आणि तुम्ही लगेच म्हणालात, 'अगदी बरोबर, काकू.'

पुढे गाळ काढणं, एरेटरची जागा बदलणं, खनिजं घालणं हे सगळं झालं, ते इथे लिहीत बसत नाही. तुम्ही एकही बाटली विकली नाहीत. चहासुद्धा आईने हट्ट केला तेव्हाच घेतलात. शिकलेली माणसं आम्ही खूप पाहिली, पण ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला आधी विचारावं, ही माणुसकी फार थोड्यांकडे असते. ती तुमच्या आईवडिलांनी दिली असेल, तर त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

एक विनंती आहे. आमच्या खाडीवर बहुतेक तळ्यांवर फीड टाकायचं काम बायकाच करतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. पावसाळ्यानंतर नवीन बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडायच्या आधी एक दिवस या, त्यांच्याशी बोला. बायकांना गोळा करायचं काम आईने आताच अंगावर घेतलंय, आणि त्या दिवशी जेवायला आमच्याकडेच थांबायचं आहे.

तुमचा,
खाडीकाठचा एक कोळंबीवाला