गुडघा, तीन डॉक्टर आणि मांडी

माशेल, गोवा
२० एप्रिल

प्रिय मित्रा,

तुझे फोन येऊन गेले आणि प्रत्येक वेळी मी 'सविस्तर लिहितो' म्हणून सुटका करून घेतली. फोनवर तुझं एकच पालुपद, "करून टाक रे, मी नाही केलं?" त्याला फोनवर देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता आहे, पण लांब आहे. चहा घेऊन बस.

ऑपरेशन करत नाहीये. निदान आत्ता तरी नाही. तू चिडणार हे माहीत आहे, म्हणून निकाल आधीच सांगून टाकला.

झालं काय ते तुला तुकड्यातुकड्यांत कळलंय. शिमग्यानंतरच्या एकादशीला देवळात भजन होतं. भैरवी झाली, पखवाज बाजूला ठेवला, मांडी सोडून उठायला गेलो आणि डाव्या गुडघ्यात मागच्या बाजूला 'कट्ट' झालं. शेजारच्या झांजवाल्यालाही ऐकू गेलं म्हणे. घरी येईपर्यंत गुडघा नारळाएवढा. मग एमआरआय. रिपोर्टात लिहिलं होतं की आतल्या बाजूच्या गादीच्या (दोन हाडांमधल्या कूर्चेच्या) मागच्या भागाला फाट आहे आणि सांध्यात थोडं पाणी आहे. इथपर्यंत कुणाचाच वाद नव्हता.

पहिले डॉक्टर फोंड्याचे. त्यांनी रिपोर्ट वाचला, गुडघा वाकवून पिळला (मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती) आणि म्हणाले, दुर्बिणीतून फाटका भाग कापून साफ करू, सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. माणूस उमदा, हात हलका. बाहेर काउंटरवर मात्र माझं नाव विचारायच्या आधी "दीनदयाळ कार्ड की मेडिक्लेम?" हे विचारलं गेलं, म्हणजे विमा सरकारी योजनेचा की स्वतःचा. ते जरा लागलं, पण त्याचा राग डॉक्टरांवर काढणं बरं नव्हे.

दुसरे मडगावचे. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला, सीडी संगणकात घातली आणि बराच वेळ काही न बोलता एकेक चित्र पुढेमागे करत राहिले. मग म्हणाले, "कापायचं तर अजिबात नाही. मला वाटतं, गादीचं मूळच सुटलंय. ते शिवायला हवं, आणि लवकर." आपली ही गादी म्हणजे नडगीच्या हाडावर बसलेली अर्धचंद्रासारखी कूर्चा, दोन्ही टोकांना हाडात रुतलेली. मागचं टोक हाडापासून सुटलं, तर पखवाजाची वादी (ताणाची चामडी पट्टी) सुटल्यावर पुडीचं, म्हणजे तोंडावरच्या चामड्याचं, जे होतं ते तिचं होतं: दिसायला जागेवर, ताण मात्र गेलेला. मग वजन सरळ हाडावर येतं आणि सांधा भराभर झिजतो. जमिनीवरून उठताना 'कट्ट' आवाज येणं ही त्याची नेहमीची खूण, असंही ते म्हणाले. शिवल्यानंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही, आणि खोल वाकवणं पुढे कित्येक महिने बंद.

तिसरे बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीतले. सकाळी आठला केसपेपर काढला, माझा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. त्यांनी मला चालायला लावलं, जिना चढायला लावला, मांडीला टेप लावून मोजमाप घेतलं. डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक. "तुमचं वय ५६. या वयात गादी विरते, फाटते. तीन महिने व्यायाम करा, मग या." म्हणजे ऑपरेशनच नको.

एक म्हणतो काप, दुसरा म्हणतो शिव, तिसरा म्हणतो हात लावू नको. आता तू सांग, मी तिघांतला बहुमताचा निकाल कसा काढणार होतो?

आई थकली आणि देवळात प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल घेऊन आली. "उजवो पडलो!" म्हणत घरात शिरली, म्हणजे देवाचा होकार. मी विचारलं, देवाला विचारलंस काय? तर म्हणे, "दोतोर सांगता तशें करूं?" आता कुठल्या दोतोराने सांगितलं तसं, ते देवाने कसं ओळखायचं? आम्ही दोघंही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझंही तेच चाललं होतं. तीन जणांना मी 'काय करू' एवढंच विचारलं होतं आणि प्रत्येकाने आपापल्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. फोंड्याचे 'फाटलेल्याचं काय करायचं' याला उत्तर देत होते. मडगावचे 'दहा वर्षांनी सांध्याचं काय होईल' याला. बांबोळीचे 'या वयाच्या बहुतेक माणसांना कशाने बरं वाटतं' याला.

एवढं ध्यानात आल्यावर कागद घेऊन बसलो. यातला एक मुद्दा मतावर अवलंबूनच नव्हता: मूळ सुटलंय की नाही? ते सुटलेलं असतं किंवा नसतं. माझा भाचा डॉक्टरकी शिकतोय, त्याने सुचवलं की फक्त हाडं-सांध्यांची चित्रं पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून तीच सीडी पुन्हा वाचून घे. घेतली. उत्तर असं आलं: मुळाचे धागे विरळ झालेत पण तुटलेले नाहीत, आणि गादी हाडाच्या कडेबाहेर सरकलीय ती २ मिलिमीटरच्या आसपास. ३ च्या पुढे असती तर काळजी होती.

तो कागद घेऊन मी परत मडगावला गेलो. भीत होतो, म्हटलं यांना वाटेल आपल्यावर तपासनीस बसवला. पण त्यांनी पुन्हा सगळी चित्रं काढली, एका चित्रापाशी थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मग घाई नको. पण तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करा, आणि उभं राहून एक्स-रे." या माणसाबद्दल माझं मत तिथे पक्कं झालं. उद्या खरंच शिवायची वेळ आली, तर याच्याकडेच शिवून घेणार.

राहिले कापणं आणि न कापणं. इथे तुझा विषय येतो.

तू सव्वीस वर्षांचा होतास. पावसात फुटबॉल खेळताना पाय पिळला आणि तुझा गुडघा अडकला, सरळच होईना. गादीचा तुकडा मध्ये येऊन बसला होता. ते काढायलाच हवं होतं, आणि आज तू सिंहगड चढतोस. पण तुझी फाट एका दिवसात, चांगल्या गादीला पडलेली. माझी गादी विरत आली होती, त्या दिवशी फक्त आवाज झाला. दोघांच्या रिपोर्टात शब्द एकच, दुखणी वेगळी.

भाच्याने काही अभ्यास शोधून दिले, ते मी डिक्शनरी घेऊन वाचले. (हसू नकोस.) फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाचे, विरलेली गादी फाटलेले १४६ पेशंट घेतले. काहींची गादी खरोखर कापली, बाकीच्यांना दुर्बीण घालून नुसतं पाहिलं आणि कापल्याचं नाटक केलं. पेशंटला पत्ता नाही. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे २०१३ साली छापून आलं. गुडघा अडकून बसलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, म्हणजे तू त्यात बसत नाहीस, मी बसतो. फोंड्याच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "माझे पेशंट तर बरे होतात." खरंच होत असणार. नाटकातलेही झालेच की!

आणखी एक वाचून तर मी एमआरआयचा कागद कपाटात टाकला. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम म्हणून गाव आहे. तिथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. उद्या माशेलच्या बाजारात उभं राहून सगळ्या पन्नाशीपुढच्यांचे एमआरआय काढले, तर कितीजण फाटलेले निघतील देव जाणे. मासळी घेऊन घरी निघालेले असतील.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर तू म्हणशील सोयीचं तेवढं वाचलंस. अमेरिकेतल्याच दुसऱ्या अभ्यासात ३५१ जण होते. त्यात ज्यांना आधी फक्त व्यायाम दिला, त्यांतल्या ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घेतलं, व्यायामाने भागलं नाही म्हणून. मीही त्या तिसात निघू शकतो. पण आज थांबलो तर उद्या कापता येतं, आज कापलेलं उद्या परत चिकटवता येत नाही. गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठाच नाही, ती नव्याने वाढत नाही.

एवढं सगळं झाल्यावरही मूळ दुखणं राहिलंच होतं, आणि ते एका मुलीने ओळखलं. व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, साखळी गावची, माझ्या लेकीच्या वयाची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावता लावता तिने विचारलं, "काका, दिवसातून जमिनीवर किती वेळ बसता?" तीन डॉक्टर झाले, एकानेही हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, पखवाज वाजवतो, मांडी घालून, आषाढीला तर देवकीकृष्णाच्या देवळात रात्रभर. ती दाबायचं थांबली. "मग तुम्हाला गुडघा बरा करायचाय की मांडी घालायचीय?"

मी घरी येऊन पुन्हा ते फिनलंडचं काढलं. गुडघा किती सुधारला ते मोजायला त्यांनी जी प्रश्नपत्रिका वापरली, त्यातली एक शंभर गुणांची. दुखण्याला २५, सांधा दगा देतो का याला २५, जिना चढायला १०. उकिडवं बसायला ५. मांडीचा प्रश्नच नाही! तिकडे कोण जमिनीवर बसतंय म्हणा. म्हणजे मला हवं होतं त्याबद्दल तो अभ्यास 'हो' म्हणत नव्हता आणि 'नाही'ही म्हणत नव्हता. मग मी तिघाही डॉक्टरांना फोन करून तेवढंच विचारलं: तुमच्या उपायानंतर मी मांडी घालून दोन तास बसेन का? फोंड्याचे म्हणाले, "बघू." मडगावचे म्हणाले, शिवलं असतं तरी मी तुम्हाला मांडी घालू दिली नसती. बांबोळीचे म्हणाले, मांडी सोडा आणि गुडघा टिकवा. पहिल्यांदाच तिघांचं जवळपास एकमत.

सोपं नव्हतं रे. पखवाज मांडीतच यायचा, दुसरी बैठक मला माहीत नाही. आठवडाभर मी कुणाशी धड बोललो नाही. मग सुताराकडून बुटका चौरंग करून घेतला, डावा पाय पुढे पसरता येईल असा, आणि पखवाजाला लाकडी घोडी. पहिल्या गुरुवारी भजनात बसलो तर बुवा गाता गाता हसले आणि आरतीनंतर म्हणाले, "सिंहासन बरें आसा!" धुमावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडावर, हात नीट पडत नाही अजून. कोपर उंच राहतं, थाप उथळ येते. कणीक थोडी जास्त लावून पाहिली, तर आवाज बसतो. चौरंग दोन बोटं कापून घ्यावा लागेल असं दिसतंय. ऑपरेशन झालंच तर त्याचं होईल.

घरच्यांना मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवून दिलाय: गुडघा अडकला आणि सरळ होईना, किंवा चालताना पाय दगा द्यायला लागला, किंवा जुलैतल्या एमआरआयमध्ये मूळ सुटलेलं निघालं, तर मी कितीही नाही म्हटलं तरी मडगावला घेऊन जायचं. तोवर कुणी विचारायचं नाही, "कधी करतोस?" बायकोने त्याखाली आपल्या अक्षरात लिहिलंय, 'व्यायाम केला का?' हे मात्र रोज विचारलं जातं.

सध्या सूज उतरलीय. उतारावर आणि बसच्या पायऱ्यांवर अजून जपून. पणजीला जाऊन येतो, दिवाडीच्या फेरीबोटीत उभा राहतो, काही होत नाही. रात्री कूस बदलताना कधीतरी कळ येते.

तू आषाढीला येतोयस ना? चिखलकाल्यात (देवळापुढच्या चिखलातल्या खेळात) उतरायचं नाही हे मला लागू आहे, तुला नाही. येताना दोन कामं कर. तुझ्या ऑपरेशनचे जुने कागद असतील तर घेऊन ये, भाच्याला बघायचेत. आणि पुण्यात तुझ्या ओळखीचा तो पुड्या करणारा आहे, त्याच्याकडून धुमाची एक पुडी. माप मागच्या वेळचंच, आणि पैसे मी देणार, उगाच वाद घालू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
डाव्या गुडघ्याचा मालक