ड्राइव्ह बदलण्याआधी

मुंबई

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. साकीनाक्याच्या गाळ्यात उतरवलेल्या जुन्या व्हीएमसीचा (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनचा) स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, अलार्म देऊन थांबतो आणि बघायला आलेल्या माणसाने 'ड्राइव्ह गेला, दुसरा टाका' असं सांगितलं, हे वाचलं. इतक्यात पैसे मोकळे करू नकोस. मोटर, केबल, सप्लाय, बेअरिंग, यांतल्या कुणाचंही दुखणं शेवटी ड्राइव्हच्याच, म्हणजे मोटरला वीज देऊन वेग सांभाळणाऱ्या खोक्याच्याच, डिस्प्लेवर उमटतं.

कशालाही हात लावण्याआधी पॅरामीटर्सचा (मशीनच्या मेमरीतल्या सेटिंग्जचा) बॅकअप घे. जुन्या मशीनची मेमरीची बॅटरी कधी बदलली होती, कुणालाच ठाऊक नसतं. ती बदलायचीच असेल तर कंट्रोल चालू ठेवून बदल. पॅरामीटर्स उडाले तर ड्राइव्हपेक्षा मोठं संकट उभं राहील.

मग एकच गोष्ट नीट टिपून ठेव: अलार्म नेमका कोणत्या क्षणी येतो? मेन स्विच टाकताच, स्पिंडल सुरू होताना, वेग वाढताना, थांबताना, की तासभर काम केल्यावर? नंबरपेक्षाही हा क्षण जास्त सांगतो. तुझा ड्राइव्ह फॅनकचा अल्फा सिरीजचा आहे म्हणालास, म्हणून स्पिंडल मॉड्यूलचे नेहमीचे नंबर देतो. ०१ म्हणजे मोटर तापली, ०२ म्हणजे सांगितलेला आणि खरा वेग जुळत नाही, ०९ म्हणजे हीटसिंक (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापला, १२ म्हणजे डीसी लिंकमध्ये (ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यात) जादा करंट, ३१ म्हणजे मोटर अडकली किंवा वेगाचा सिग्नल येत नाही. शेजारच्या पॉवर सप्लाय मॉड्यूलवरचा ०४ डीसी लिंकचं व्होल्टेज पडल्याचा आणि ०७ ते चढल्याचा. दोन्ही डिस्प्ले वाच. लोक स्पिंडल मॉड्यूलकडेच बघत बसतात.

०७ थांबताना येत असेल तर ट्रान्सफॉर्मरवर संशय घे. हा ड्राइव्ह २०० व्होल्टचा आणि आपला सप्लाय ४१५ चा, त्यामुळे मध्ये ट्रान्सफॉर्मर असतोच. मशीन विकताना मूळ ट्रान्सफॉर्मर काढून त्या जागी लहान बसवलेला असणं नवीन नाही. ब्रेक लागताना मोटर जी वीज परत पाठवते ती या ड्राइव्हला लाइनमध्ये ढकलायची असते. ट्रान्सफॉर्मर किंवा केबल कमजोर असेल तर ती तिथेच अडते आणि डीसी लिंक चढते. स्पिंडल पूर्ण वेगाला नेताना २०० च्या बाजूला तिन्ही फेजमध्ये मोज. व्होल्टेज सात टक्क्यांहून जास्त पडलं तर दोष तिथे आहे. ०४ येत असेल तर आधी फ्यूज, कॉन्टॅक्टरचे जळलेले पॉइंट आणि सैल लग बघ.

१२ आला, तर मोटर की ड्राइव्ह हा खरा प्रश्न. मेन बंद करून किमान दहा मिनिटं थांब. कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट डीसी साठलेलं असतं. ड्राइव्हवरचा लाल दिवा विझला म्हणून भरवसा ठेवू नकोस, मल्टिमीटरने प्रत्यक्ष मोज. मग मोटरला जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन वायर ड्राइव्हकडून सोडव आणि मोटरच्या बाजूला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लाव. वायर ड्राइव्हला जोडलेली असताना मेगर कधीही मारायचा नाही, आतले ट्रान्झिस्टर जातात. १०० मेगोहमच्या वर असेल तर मोटर ठणठणीत, १० ते १०० मध्ये खराब व्हायला लागलेली, एकच्या खाली असेल तर वापरायची नाही. आकडा कमी आला तर केबल मोटरच्या डब्यातूनही सोडवून दोघांना वेगवेगळं मोज. पुष्कळदा कुलंट झिरपून केबलचाच ग्लँड ओला झालेला असतो. मशीन पावसाळाभर गोडाऊनमध्ये पडून असेल तर वाइंडिंगने ओल धरलेली असू शकते, ती सुकवून पुन्हा मोज. तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स एकसारखा यायला हवा.

आता ड्राइव्ह. मल्टिमीटर डायोडवर ठेव. लाल प्रोब डीसी लिंकच्या मायनसला, काळा एकेक करून यू, व्ही, डब्ल्यूला. तिन्ही ठिकाणी साधारण ०.३ ते ०.५ यायला हवं आणि प्रोब उलटवल्यावर सर्किट उघडं (ओपन) दिसायला हवं. नंतर काळा प्रोब डीसी प्लसला ठेवून लाल फिरव. कुठे शून्य आलं तर तो ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, आणि तेव्हाच ड्राइव्ह रिपेअरला पाठव. ही चाचणी सरळ आली तरी ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारं गेट सर्किट शंभर टक्के ठीक आहे असं ठरत नाही, पण निम्मी शंका मिटते.

०२ आणि ३१ ला मोटर आणि स्पिंडलमधला पट्टा उतरव. स्पिंडल हाताने फिरव: खडखड, जडपणा, एका जागी अडणं म्हणजे बेअरिंग. मोटर एकटी नीट धावली तर इलेक्ट्रिकल बाजू बरीचशी मोकळी. एकटीही झटके देत असेल तर यू, व्ही, डब्ल्यूचा क्रम आणि फीडबॅक केबल (मोटरचा वेग ड्राइव्हला कळवणारी) तपास. गाळा बदलताना मशीन सोडवून पुन्हा जोडली की हीच गडबड होते. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये तेल, वाकलेली पिन, तुटलेलं शील्ड शोध.

तासाभराने येणारा ०९ बहुतेक वेळा पंख्याचा आणि धुळीचा. हीटसिंकवर तेलकट धुळीचा थर असतोच, मऊ ब्रश आणि व्हॅक्युमने काढ. पंखा लॅमिंग्टन रोडला मिळेल. व्होल्टेज, माप आणि हवेची दिशा जुनी बघूनच घे.

दुसऱ्या मशीनचं चांगलं मॉड्यूल आणून 'लावून बघू' असं कुणी म्हणालं तर मेगर होईपर्यंत नको म्हण. मोटर शॉर्ट असेल तर तेही जाईल.

अलार्म कोणत्या क्षणी येतो, दोन्ही डिस्प्लेचे नंबर, मेगरचे आणि डायोडचे आकडे लिहून पाठव. पुढचं त्यावरून ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास