मॅडम, तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही

मॅडम नमस्कार, मी चोपडा तालुक्यातला, आईच्या उशाशी बसून असायचो तो. तुम्हाला आठवणार नाही कदाचित, रोज एवढे पेशंट बघता, पण आमच्या घरात तुमचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही म्हणून लिहितोय.

आईचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं, आणि आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी ४ महिने नुसत्या गॅसच्या गोळ्या दिल्या, वर म्हणे या वयात बायकांचं पोट सुटतंच. एकदा तरी सोनोग्राफी करा म्हणायचं होतं ना! नंतर जिथे पोटातलं पाणी काढलं तिथे मला बाहेर बोलावलं, अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, पेशंटला कळू देऊ नका. आई आत एकटी, दाराकडे बघत बसलेली.

तुम्ही मुंबईत स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात, मोबाईल पालथा ठेवलात आणि चक्क अहिराणीत विचारलंत, "माय, तुना वावरमा काय लायेल शे?" कपाशी म्हटल्यावर म्हणालात, गाजरगवताचं बी पाटाच्या पाण्यात पडलं की वावरभर जातं ना, तसं हे. गाठीवरच्या पेशी सुटून पोटाच्या पाण्यात पडतात, एकटी सुटलेली बहुतेक मरते पण घोळका करून राहिल्या की तगतात, आणि त्याच पेशी असं काही सोडतात की बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पाणी अजून वाढतं. आई म्हणे मग रुजतं कुठे? तर आतड्यांवरचा चरबीचा पडदा, तिथल्या चरबीच्या पेशी ह्यांना स्निग्धाम्लं पुरवतात म्हणजे आयतं खतच. आणि रक्ततपासणीतला सीए-१२५ चा आकडा, जो मी ३५ च्या किती वर गेला एवढंच घाबरून बघायचो, तो ज्या प्रथिनाचा तेच प्रथिन पोटाच्या अस्तरावरच्या मेसोथेलिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून पेशीला तिथे चिकटवतं. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग आईने हळूच विचारलं, पाणी काढायला सुई लावली म्हणून पसरलं का, का माझ्या उपासांनी झालं. तुम्ही तिचा हात हातात घेतलात, "माय, यामा तुनी काहीच चूक नही." बस एवढंच. किती महिने ती हे मनात घेऊन फिरत होती आणि आम्हाला पत्ता नाही. खूप रडली, संध्याकाळी अर्धी कळण्याची भाकरी मागून खाल्ली.

मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं आम्ही पाहिली ह्या वर्षात, पण पेशंटशीच बोलायचं असतं, त्याच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळलं पाहिजे, एवढी साधी माणुसकी फार थोड्यांकडे दिसली मॅडम. तुमचे उपकार कसे फेडायचे.

तीन केमो झाल्या, आता ऑपरेशन. परवा मावशी आली आणि तेच, सुईमुळेच पसरलं म्हणाली. मी बोलणार तेवढ्यात आई पलंगावरूनच म्हणाली, सुईचं काय घेऊन बसलीस, बी आधीच पाटाला लागलं होतं, आणि मग मावशीला समोर बसवून तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं.